घणाखालचा रुपया

सुमारें सव्वादोनशें वर्षांपूर्वींचा काळ डोळ्यांसमोर आणावा. भातझोडणी आटोपून मुळशी खोर्‍यांतील एक कुणबी आंबेमोहोराच्या गोणी बैलांवर लादून पौडावरून पुण्यास आला आहे. तांदूळ विकला गेला आणि व्यापार्‍यानें त्याच्या पदरांत दहा रुपये मोजून टाकले. आजच्या माणसाच्या दृष्टीनें व्यवहार येथें संपला. त्या कुणब्याच्या दृष्टीनें मात्र तो येथूनच सुरू होई. हे दहा रुपये खरोखर दहा आहेत, कीं पावणेदहा, कीं साडेनऊ, हें अजून ठरावयाचें असे. आणि तें ठरविणारा माणूस तिसराच असे. सराफाच्या दुकानीं जावयाचें, त्यानें एकेक रुपया दगडावर आपटून नाद ऐकावयाचा, कडा चाचपावयाच्या, छाप न्याहाळावयाचा, आणि तो सांगेल तो बट्टा मुकाट्यानें सोसावयाचा, अशी रीत होती. दहांतले सहा अंकुशी निघाले, तीन चांदवडी, आणि एक घाटाखालून आलेला, ज्याला पुण्यांत कोणी हात लावीना, असें झालें कीं त्या गरिबाचें वर्षाचें गणित चुकलें. सरकारचा वसूल चलनी रुपयांत भरावयाचा. आणि हातीं आलेला रुपया चलनी कीं बट्ट्याचा, हें त्याला स्वतःला कळण्याचा मार्ग नव्हता.

एकाच प्रांतांत इतक्या जातींचे रुपये कां असावेत, ते कोण पाडीत असे, आणि त्यांतली तूट शेवटीं कोणाच्या पदरीं येई, हे प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतात. पण मराठी राज्याच्या कारभाराची खरी परीक्षा जितकी रणांगणावर झाली तितकीच ती या सराफाच्या दगडावर झाली, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

प्रथम तो रुपया कसा होता तें पाहूं. आजचें नाणें यंत्रांतून पडतें. तें एकसारखें गोल असतें, त्याची कड दांतेरी असते, आणि एकाच दिवशीं पाडलेल्या दोन नाण्यांत भेद काढूं म्हटलें तरी निघत नाहीं. पेशवाईंतला रुपया असा नव्हता. तो आकारानें लहान पण जाड, वजनानें अकरा ग्रॅमांहून थोडा अधिक, म्हणजे तोळ्यास किंचित् कमी, आणि वाटोळा म्हणावा तर एखाद्या बाजूस फुगलेला, तर दुसर्‍या बाजूस चपटा असे. त्यावर फारसी अक्षरें असत, पण पूर्ण मजकूर क्वचितच एका नाण्यावर मावे. कोठें बादशहाच्या नांवाचा अर्धा तुकडा, कोठें गांवाच्या नांवाची दोन अक्षरें. मध्येंच एक लहानसा अंकुश, हत्तीच्या माहुताच्या हातांतला असतो तसा. या अंकुशावरूनच पुण्याच्या रुपयाला अंकुशी हें नांव पडलें. ज्याला एक अक्षर वाचतां येत नसे, त्यालाही अंकुश ओळखतां येई.

हा रुपया घडे कसा, याचें चांगलें वर्णन चांदवडच्या टांकसाळीसंबंधानें मिळतें. चांदवड होळकरांकडे होतें, आणि तेथला चांदवडी रुपया नाशिक-खानदेशांत व त्याच्याही बाहेर चाले. इंग्रजी अमलांत नाशिक जिल्ह्याचें जें गॅझेटियर १८८३ सालीं छापलें गेलें, त्यांत म्हटलें आहे कीं या टांकसाळींत चारशें कामगार होते, आणि प्रत्येकाजवळ स्वतःचा तराजू व वजनें असत. ठरलेल्या कसाची चांदी कामगाराच्या स्वाधीन करीत. तो तिचे लहान लहान तुकडे करी, ते ठोकून वाटोळे करी आणि जोखी. चकती किती गोल आहे इकडे कोणी पाहत नसे. वजन बरोबर आहे कीं नाहीं इकडे मात्र कटाक्ष असे. म्हणूनच जुने रुपये वेडेवांकडे असूनही तराजूंत एकमेकांस बहुधा जुळतात. ज्यांना या ओबडधोबड आकारावरून आपल्या पूर्वजांच्या कारागिरीची कींव येते, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी. त्या कारागिराला सुंदर नाणें करावयाचें नव्हतें, त्याला खरें नाणें करावयाचें होतें.

चकत्या तयार झाल्या कीं छापण्याचें काम. जमिनींत एक ऐरण घट्ट रोवलेली असे, आणि तिच्यांत खालचा ठसा बसविलेला असे. तिघे माणसें लागत. एक चकती ठशावर टाकी. दुसरा वरचा ठसा, म्हणजे टोंकाला उलटीं अक्षरें कोरलेली पोलादाची जाड मेख, तिच्यावर धरी. तिसरा घण घाली. एक घाव आणि रुपया तयार. ठसा धरणाराच्या बोटांचें काय होत असेल, हें इतिहासकारांनीं नमूद केलेलें नाहीं. पण घण घालणाराचा आणि ठसा धरणाराचा एकमेकांवर पुरा विश्वास असल्याखेरीज तें काम एक घटकाही चाललें नसतें, हें उघड आहे. ठसा चकतीपेक्षां मोठा असल्यामुळें त्यावरील मजकुराचा कांहीं भागच चांदीवर उठे, आणि मेख जरा इकडे तिकडे सरकली कीं प्रत्येक रुपयावर निराळा भाग येई. वरचा ठसा घावाखालीं लौकर झिजे, फुटे. मग नवा कोरावा लागे. कोरणार्‍याचा हात बदलला कीं अक्षराचें वळण बदले, आणि सराफ तेंही ध्यानांत ठेवी.

युरोपांतही सोळाव्या शतकापर्यंत नाणें असेंच घणाखालीं पडत असे. पॅरिसमध्यें १५५० नंतर लौकरच नाणें पाडण्याचें यंत्र आलें खरें, परंतु जुन्या कारागिरांनीं तें पुष्कळ काळ पाय धरूं दिलें नाहीं. इंग्लंडांत घण कायमचा बाजूस ठेविला गेला तो १६६२ सालीं. यंत्राचा मोठा फायदा वेग हा नव्हता. कडेला दांते पाडतां येऊं लागले हा होता. घणाच्या नाण्याची कड साधी असते. तिचा चतकोर कापून घेतला तरी नाणें नाणेंच दिसतें, आणि कातरणार्‍याच्या घरीं चांदीचा चुरा साठतो. दांतेरी कडेनें ही चोरी ताबडतोब उघडकीस येऊं लागली. आपल्याकडे दांते नव्हते. आपल्याकडे सराफ होता.

आतां थोडें मागें गेलें पाहिजे. रुपया महाराष्ट्रांत रुळण्यापूर्वीं कोंकणपट्टींत चांदीचें एक अगदीं निराळें नाणें चालत असे. त्याचें नांव लारी. इराणांतील लार या शहरावरून हें नांव आलें. सुमारें पांच ग्रॅम वजनाची चांदीची तार घ्यावयाची, ती मध्यें दुमडून दोन्ही पाय एकत्र आणावयाचे, आणि त्यावर दोन्ही बाजूंनीं ठसा मारून तार चपटी करावयाची, कीं झाली लारी. केसांत खोंवण्याच्या आंकड्यासारखी ती दिसे. इराणच्या आखातापासून मालदीव आणि सिंहलद्वीपापर्यंत सोळाव्या-सतराव्या शतकांत व्यापारी ती घेत. विजापूरच्या दुसर्‍या अली आदिलशहानें, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या समकालीन सुलतानानें, तशाच लार्‍या आपल्या नांवानें पाडल्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यांत संगमेश्वराच्या बाजूस त्यांचा एक मोठा सांठा एकोणिसाव्या शतकांत सांपडला. एका इराणी गांवाच्या नाण्याची नक्कल विजापूरच्या सुलतानाला करावीशी वाटली, यांत कमीपणा नव्हता. बंदरांतला व्यापारी ज्या आकाराला ओळखतो त्या आकारांतच चांदी द्यावी लागते. पुढें मराठ्यांनींही हेंच केलें.

शिवाजीमहाराजांनीं राज्याभिषेकाच्या वेळीं सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई चालू केली. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसर्‍या बाजूस ‘छत्रपति’ अशीं नागरी अक्षरें आहेत. तांब्याचा हा पैसा इतका लोकप्रिय झाला कीं पेशवाई बुडाल्यावरही तो बाजारांत खेळत होता. परंतु मोठ्या व्यवहारांतली चांदी मुख्यतः बाहेरचीच राहिली. याच सुमारास, १६७४ च्या जून महिन्यांत, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. इंग्रजांनीं तहाचीं जीं कलमें पुढें ठेविलीं, त्यांत एक असें होतें कीं मुंबईस पाडलेलें कंपनीचें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें. त्याला जें उत्तर मिळालें तें मुळांतून समजून घेण्यासारखें आहे. महाराजांकडून असें सांगण्यांत आलें कीं, कोणतेंही नाणें चालूं नये अशी आमची मनाई नाहीं. पण ज्यांत रयतेचें नुकसान आहे असें नाणें घ्याच, अशी जबरदस्तीही आम्ही करणार नाहीं. तुमचें नाणें कसानें आणि वजनानें मोंगलांच्या आणि इतरांच्या नाण्याच्या तोडीचें असेल, तर तें आपोआप चालेल. नाण्याचा बोजा राजानें उचलावयाचा, रयतेनें नव्हे, हें तत्त्व इतक्या थोडक्यांत क्वचित् सांगितलें गेलें असेल. पुढच्या शंभर वर्षांत तें टिकलें किती, हाच या विषयांतला कळीचा प्रश्न आहे.

पेशव्यांचा अमल बसला तेव्हां उत्तरेंत बादशाही रुपयाची पत होती. दक्षिणेंतल्या खेड्यापाड्यांपर्यंत लोकांची नजर त्या फारसी अक्षरांना सरावली होती. म्हणून पुण्याच्या रुपयावरही बादशहाचेंच नांव राहिलें. एका बाजूस शाह आलम बादशहाच्या नांवाचा शिक्का, दुसर्‍या बाजूस राज्यारोहणाचें साल आणि टांकसाळीचें नांव, आणि तें नांव पुणें असें नुसतें नव्हे, तर मुहियाबाद उर्फ पुणें. औरंगजेबाची छावणी १७०३ च्या सुमारास पुण्यास असतां त्याचा एक नातू तेथें वारला. त्याच्या नांवावरून बादशहानें शहराला हें नांव दिलें. शहरांतल्या लोकांनीं तें केव्हांच टाकून दिलें होतें. टांकसाळीच्या ठशावर मात्र तें शंभर वर्षें टिकून राहिलें! महादजी शिंद्यांनीं १७८४ मध्यें त्याच शाह आलमच्या दरबारचा सगळा कारभार हातीं घेतला, तरी पुण्याचा कारागीर आपल्या ठशावर त्याच्याच बादशाहीची ग्वाही देत होता. याला कोणी लाचारी म्हणेल. पण ज्या इंग्रजांना लाचारीचें कारण नव्हतें, त्यांनींही सुरतेच्या आणि मुंबईच्या रुपयावर शाह आलमचेंच नांव ठेविलें आणि तें १८३५ पर्यंत चालविलें. बादशहा आंधळा होता, निर्धन होता, कधीं मराठ्यांच्या तर कधीं इंग्रजांच्या हातीं होता. त्याचें नांव मात्र सराफाच्या दगडावर खणखणीत वाजत होतें.

खरी अडचण नांवाची नव्हती, टांकसाळींची होती. आजच्यासारखी सरकारी टांकसाळ हा प्रकार त्या काळीं फारसा नव्हता. परवाना घ्यावयाचा, सरकारांत ठरीव रक्कम भरावयाची, आणि सोनार किंवा सावकारानें आपल्या जबाबदारीवर टांकसाळ चालवावयाची. ज्याच्याजवळ चांदी असेल त्यानें ती आणून द्यावी, मजुरी आणि सरकारचा हासील वजा जातां तिचे रुपये घेऊन जावें, अशी पद्धत. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत रेवदंडा आणि नागोठणें येथें तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने दिलेले आढळतात. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत चिंचवडास सोनारांना परवाना मिळाला. न्यायमूर्ति रानडे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेशवे दप्तरांतील कागद पाहून मराठी राज्यांतील टांकसाळींवर एक निबंध लिहिला. मराठी इतिहास म्हणजे केवळ लढाया नव्हेत हें ज्यांनीं प्रथम ओळखलें त्यांत रानडे होते, आणि टांकसाळीसारख्या रुक्ष विषयाकडे ते वळले याचें नवल वाटूं नये. त्या निबंधांत परवान्याबरोबर घातलेल्या अटी दिसतात. नाणें अमुक मासे वजनाचें असावें, कस अमुक असावा, खोटें केल्यास गुन्हेगारी घेतली जाईल.

अटी चांगल्या होत्या. त्या पाळविणारा मात्र जवळ असावयास पाहिजे. पुण्याच्या पायथ्याशीं त्या पाळल्या जात. जसजसें अंतर वाढे तसतसा कस उतरे. कृष्णेपलीकडे तर प्रत्येक सरदाराची, प्रत्येक देसायाची टांकसाळ निघाली. बागलकोटास रास्त्यांचा मल्हारशाही रुपया, आणखी कोठें आणखी कोणाचा. त्यांतल्या कांहींचा रुपया चोख होता. कांहींची टांकसाळ म्हणजे तांबें चांदीच्या भावानें विकण्याचें दुकान होतें. अखेर माधवराव पेशव्यांनीं कर्नाटक प्रांतांतील अशा एकवीस खासगी टांकसाळी बंद करविल्या, आणि धारवाडास एकच टांकसाळ ठेवून ती पांडुरंग मुरार यांच्या हवालीं केली. माधवरावांचें नांव घेतलें कीं हैदरावरच्या स्वार्‍या आणि रामशास्त्री आठवतात. या एकवीस टांकसाळी सहसा कोणाला आठवत नाहींत. पण धारवाडच्या बाजारांत कापूस विकणार्‍या माणसाला त्या स्वार्‍यांपेक्षां हा हुकूम अधिक जवळचा वाटला असेल.

हें दुखणें केवळ आपलेंच होतें असें समजूं नये. इटलींत त्याच्या आधीं दोन शतकें हेंच चाललें होतें. पिडमाँट प्रांतांत देझाना, मेसेरानो यांसारखीं दोनचार गांवांचीं जहागिरी संस्थानें होतीं. त्यांच्या धन्यांना नाणें पाडण्याचा हक्क होता आणि पैशाची नड होती. त्यांनीं शेजारच्या मोठ्या राज्यांच्या नाण्यांच्या हुबेहुब नकला पाडल्या, चांदी मात्र कमी घातली, आणि त्या बाहेरच्या बाजारांत लोटून दिल्या. जर्मनींत तर १६१९ पासून १६२३ पर्यंत लहानमोठे शेंकडों अधिपति एकमेकांवर ताण करून नाणें हिणकस करीत होते. चांगलें नाणें तराजू कलवून निवडून काढणारे लोक गांवोगांव हिंडूं लागले, आणि त्या काळाला जर्मन भाषेंत ‘किप्पर उंड विप्पर’, म्हणजे तराजू कलविणार्‍यांचा काळ, असेंच नांव पडलें. शेवटीं सोल्जराचा पगार आणि मजुराची मजुरी त्या काळ्या नाण्यांत मिळूं लागली, पाव विकणारा तें घेईना, आणि ठिकठिकाणीं दंगे झाले. मोठ्या राजाला पत राखावी लागते, कारण त्याचें नाणें त्याच्याच खजिन्यांत परत यावयाचें असतें. लहान धन्याचें नाणें दुसर्‍याच्या मुलखांत जातें. तें परत येणार नाहीं अशा हिशेबानेंच तो तें पाडतो.

मुळशीकरांना याचा अनुभव घेण्यास दूर जावें लागत नसे. सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं पाहिलें कीं कोंकण दिसतें. ताम्हिणीच्या वाटेनें खालीं उतरावें, तांदूळ-नाचणी द्यावी, मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर यावें, हा या खोर्‍याचा जुना व्यवहार. खालीं दोन लहान सत्ता होत्या, आणि दोहोंच्या टांकसाळी होत्या. कुलाब्यास आंग्रे, त्यांच्या रुपयावर नागरी ‘श्री’ हें अक्षर दिसतें. जंजिर्‍यास सिद्दी, त्याच्या रुपयावर ‘ज’. दोन्ही अक्षरें मोडक्या फारसी मजकुराच्या मध्यें उभीं असतात, आणि दोन्ही नाणीं दिसण्यांत इतकीं सारखीं असत कीं तें एक अक्षर सोडलें तर घाईंत माणूस फसावा. सिद्दीच्या नाण्यांत चांदी फारच कमी असे. तें इतकें हिणकस झालें कीं १८३४ सालीं इंग्रज सरकारनें जंजिर्‍यावर आपलें आधिपत्य जाहीर केलें तेव्हां तेथली टांकसाळ बंद केली. मिठाच्या गोणीबरोबर असा एखादा ‘ज’ रुपया घाट चढून वर आला कीं तो पुण्याच्या सराफाकडे जातांच त्याचा खरा भाव कळे. आणि भाव कळेपर्यंत मीठ संपलेलें असे.

येथें सराफांच्या बाजूनेंही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण बट्टा म्हटला कीं लबाडी असा सार्वत्रिक समज आहे. बट्ट्यांत तीन गोष्टी मिसळलेल्या असत. पहिली चांदीची खरी तूट. ती सराफानें उत्पन्न केलेली नव्हती. दुसरी रुपयाचें वय. मोंगली अमलापासून चालत आलेली समजूत अशी होती कीं नव्या सालाचा रुपया तो सिक्का, मागल्या सालांचा तो चलनी, आणि त्याहून जुना तो खजाना. वजन तेंच असलें तरी साल मागें पडलें कीं भाव उतरे. तिसरी गोष्ट हंगामाची. वसुलाचे हप्ते जवळ आले कीं सर्वांना अंकुशी हवा असे, आणि बाकीच्या रुपयांना कोणी विचारीत नसे. या तिसर्‍या गोष्टींत सराफाचा हात निश्चित होता. पहिल्या दोन्ही गोष्टी त्याच्यावर लादलेल्या होत्या. खात्रीसाठीं तो रुपयावर आपला बारीकसा ठसा मारी. पुष्कळ जुन्या रुपयांवर फुलासारख्या, टिंबासारख्या, चांदणीसारख्या अशा खुणा दिसतात. कधीं कधीं एक खोल चरा असतो. आंत तांबें आहे आणि वर चांदीचा पत्रा मढविला आहे असा संशय आल्यावर कोणी तरी छिनीनें घातलेला तो घाव असतो.

खेड्यांत सराफ नसे. तेथें पोतदार असे. पाटील आणि कुलकर्णी यांचीं नांवें अजून सर्वतोमुखीं आहेत. पोतदार हा केवळ आडनांवापुरता उरला आहे. हा बहुधा गांवचा सोनार. वसुलांत आलेला प्रत्येक रुपया पारखून घेणें हें त्याचें काम, आणि त्याबद्दल गांवाकडून त्याला हक्क मिळे. त्यानें खरा म्हणून पुढें पाठविलेला रुपया वर खोटा निघाला तर तो जबाबदार. त्यामुळें त्याची स्थिति मोठी चमत्कारिक होती. शेजारच्या घरचा रुपया नाकारला तर गांव रागावे, आणि घेतला तर सरकार. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हें काम चाललें, त्या घरांतल्या माणसांची बोटें आणि कान कसे तयार झाले असतील याची कल्पना आज करतां येत नाहीं. मराठी भाषेनें मात्र त्या दगडाची आठवण राखली आहे. नाणावणें म्हणजे नाणें पारखणें; त्यावरून नाणावलेला माणूस म्हणजे पारखून खरा ठरलेला. न मोडलेला तो बंदा रुपया. आवाज खणखणीत असावा, बद्द नसावा, असें गवयाविषयीं म्हणतांनाही बोलणारा नकळत सराफाच्या दुकानींच बसलेला असतो.

१८१८ सालीं पेशवाई गेली. इंग्रजांनीं घण एकदम थांबविला नाहीं. पुण्यास अंकुश असलेला रुपया कांहीं वर्षें त्यांच्याच अमलाखालीं पडत राहिला, कारण रयतेचे करार-मदार सगळे त्याच रुपयांत होते. पण मुंबईस किल्ल्यांत वाफेच्या यंत्रांची नवी टांकसाळ १८२९ च्या सुमारास उभी राहिली होती, आणि १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या सार्‍या मुलखांत एकच रुपया ठरला. त्यावर विल्यम राजाचा मुखवटा होता आणि शाह आलमचें नांव नव्हतें. चांदवड, नाशिक, पुणें येथले घण ऐरणीवरून कायमचे खालीं ठेवले गेले. बट्ट्याचा जाच गेला ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. तिची किंमतही पडली. टांकसाळींतले कारागीर रिकामे झाले, पोतदाराचा हक्क निरर्थक झाला, आणि ज्याच्या घरांत जुने रुपये पुरून ठेवलेले होते त्यांचे ते रुपये यापुढें केवळ चांदी म्हणून तराजूंत जाऊं लागले.

त्या तराजूंतूनच बहुतेक अंकुशी रुपये नाहींसे झाले. कांहीं इंग्रजी रुपयांत वितळले, त्याहून अधिक सोनारांच्या मुशींत जाऊन तोडे, वाळे आणि तबकें झाले. जे राहिले ते दोन कारणांनीं राहिले. एक, बायकांनीं त्यांना कडी लावून गळ्यांत घातले किंवा लक्ष्मीपूजनासाठीं डब्यांत ठेवले. दुसरें, कोणी तरी मडक्यांत घालून पुरले आणि परत काढावयास तो राहिला नाहीं. मुळशी खोर्‍याला हें दुसरें कारण अधिक झोंबतें. १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं, १६ एप्रिलला, धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. धरण झालेंच, आणि घरें, शेतें, देवळें पाण्याखालीं गेलीं. लोकांनीं बरोबर काय नेलें आणि जमिनींत काय राहिलें, याची याद कोणी केली नाहीं.

आजही नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खणतीला, जुन्या भिंतीच्या पायाला असें मडकें लागतें. लागलें कीं पहिली धांव सोनाराकडे. भीति अशी कीं सरकारला कळलें तर सगळें जाईल. १८७८ सालचा निखात-निधीचा कायदा तसें म्हणत नाहीं. दहा रुपयांवरच्या किंमतीचा ठेवा सांपडला तर कलेक्टरास कळवावें. मूळ मालक ठरला नाहीं, आणि जमीन दुसर्‍याची असून तिच्याविषयीं वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सांपडणार्‍यास आणि एक चतुर्थांश जमीनमालकास. सरकारला तो ठेवा हवा असेल तर धातूच्या किंमतीवर तिचा पांचवा हिस्सा अधिक देऊन सरकारनें तो घ्यावा, असें त्यांत आहे. म्हणजे सोनार जें देतो त्याहून कायदा अधिक देतो. कळविलें नाहीं तर मात्र हिस्साही जातो आणि शिक्षाही होते.

घरांतल्या डब्यांत असा एखादा रुपया असेल तर त्याला चिंच किंवा राख लावून घांसूं नये. काळेपणा राहूं द्यावा, कारण घांसण्यानें आधींच उथळ असलेलीं अक्षरें जातात. तो कोणत्या गांवाहून घरांत आला हें ठाऊक असल्यास चिठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवावें. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था आहेत. तेथें दाखविल्यास अक्षरें वाचून घेतां येतील. आणि अक्षरें अर्धींच आहेत म्हणून तो टाकाऊ समजूं नये. ठसा चकतीहून मोठा होता हें वर आलेंच आहे. एका रुपयावर बादशहाच्या नांवाचा शेवट उठला, दुसर्‍यावर मुहियाबादचा आरंभ, तिसर्‍यावर सालाचा आंकडा. अभ्यासक असे पांचसात रुपये शेजारीं शेजारीं मांडतात, तेव्हां दोनशें वर्षांपूर्वीं पुण्याच्या कारागिरानें पोलादावर कोरलेला मजकूर पुन्हा पुरा लागतो. एक रुपया मुशींत गेला तर त्या ठशाचें कोणतें अक्षर गेलें, हें उरलेले रुपये पाहून सांगतां येत नाहीं.